निसर्गात खरंच गणित असतं, की फिबोनाचीचे व्हिडिओ बघून आपल्याला तसं वाटतं?

असतं. पण व्हिडिओत दाखवतात तिथं कमी, आणि आपल्या बांधावर जास्त. (फिबोनाचीची मालिका म्हणजे १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५... प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज.) तुम्ही म्हणालात की आकाशगंगा आणि शंख-शिंपले नकोत, हाताने मोजून बघता येईल असं काहीतरी सांगा. मी चोपडा तालुक्यातला, घरची शेती कपाशीची, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

हंगाम संपला, पानं झडली आणि नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या की एक सरळ वाढलेलं झाड निवडा. मुख्य खोडावर जिथं पान होतं तिथं वण असतो, आणि त्याच्या बगलेतून बहुतेक ठिकाणी फळफांदी निघालेली असते. खालच्या एका वणाला दोरा बांधा. तो पुढच्या वणावरून, मग त्याच्या पुढच्या वणावरून, असा वर गुंडाळत न्या. आठ पेरं चढलात की दोरा पहिल्या वणाच्या डोक्यावर येतो आणि तोवर खोडाभोवती तीन फेरे झालेले असतात. म्हणजे प्रत्येक पान आधीच्या पानापासून ३/८ फेरा, १३५ अंश, सरकून आलेलं असतं. खोड वाढताना पीळ खातं, त्यामुळे एखादं झाड दगा देतं. दोन-चार झाडं बघा.

आता त्याच सरीतली शेजारची झाडं बघा. काहींचा दोरा उजवीकडून चढेल, काहींचा डावीकडून. एकाच पाकिटातलं बियाणं, तीच जमीन, तेच पाणी. फेऱ्याचं माप ठरलेलं, दिशा मात्र कशीही. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. बियाण्यात ‘१३५ अंश’ असा आकडा लिहून ठेवलेला असता, तर सोबत दिशाही लिहायला काय हरकत होती?

आकडा लिहिलेला नसतोच. शेंड्याच्या टोकाला नवं पान फुटतं ते आधीच्या पानांनी सोडलेल्या सगळ्यात मोकळ्या जागेत. हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी १८६८ मध्येच मांडलं होतं. कोवळं पान आजूबाजूचं ऑक्सिन हे संप्रेरक स्वतःकडे ओढून घेतं, म्हणून त्याच्या अगदी जवळ दुसरं पान फुटू शकत नाही, हे पुढे प्रयोगांतून कळलं. एसटीत चढलेला माणूस रिकाम्या सीटकडे जातो, तेवढाच हिशेब.

पण एवढ्या साध्या नियमातून १३५ अंशांच्या जवळपासचाच कोन का निघावा? १९९२ मध्ये दुआदी आणि कुदे या दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी झाड बाजूला ठेवून हे तपासलं. तेलाच्या थाळीत मधोमध चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक सोडायचे. चुंबकीय क्षेत्रामुळे थेंब एकमेकांना ढकलतात आणि काठाकडे सरकत जातात. थेंब सावकाश सोडले, तर नव्या थेंबाला फक्त शेवटचा थेंब जाणवतो आणि तो बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूला जातो, १८० अंशांवर. भराभर सोडले, तर मागच्या दोन-तीन थेंबांचाही धक्का लागतो, आणि कोन १३७.५ अंशांच्या जवळ येऊन थांबतो. थाळीत ना बियाणं होतं, ना जीव.

आता बांधापलीकडच्या ज्वारीकडे बघा. एक पान डावीकडे, पुढचं उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हे थाळीतले सावकाश थेंब. कपाशी भराभर थेंबांच्या बाजूची. झाडाच्या आत सगळं हुबेहूब थाळीसारखंच चालतं असं मी म्हणणार नाही, पण एकाच नियमातून दोन्ही रचना निघू शकतात, एवढं नक्की.

१/२, १/३, २/५, ३/८, ५/१३ असे अपूर्णांक वेगवेगळ्या झाडांत सापडतात. वरचे आणि खालचे आकडे बघितले की तुमचा फिबोनाची तिथं सापडतो. तो नुसता नावाचा मालक. त्याचं पुस्तक १२०२ चं, आणि हेच आकडे जैन आचार्य हेमचंद्रांनी त्याच्या आधी छंदांमधल्या लघु-गुरू मात्रा मोजताना दिले होते.   भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातलं, भुंगे किती ते काढायचं कोडंही ‘निसर्गातलं गणित’ म्हणून फॉरवर्ड होतं. कोडं छान आहे, पण भुंग्यांच्या जागी आंबे घातले तरी उत्तर तेच येईल.

व्हिडिओंबद्दल माझी तक्रार एवढीच की त्यांना सगळीकडे फिबोनाची दिसतो. सूर्यफुलात तो खरंच असतो. बियांच्या वळणांच्या रांगा मोजल्या तर बहुधा ३४ आणि ५५ भरतात. पण नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखाचं वळण सोनेरी गुणोत्तराचं (फिबोनाचीचे लागोपाठचे आकडे भागले की ज्याच्या जवळ येतात त्या १.६१८ चं) नाही. मोहरीला पाकळ्या चार, कांद्याच्या फुलाला सहा. दोन्ही आकडे त्या मालिकेत नाहीत. आपल्या कपाशीचं बोंडसुद्धा एकाच झाडावर कधी चार पाकळ्यांचं (म्हणजे कापसाच्या कप्प्यांचं) निघतं, कधी पाच. पाच धरायचे आणि चार सोडून द्यायचे, याला मोजणं म्हणत नाहीत.

दुसरं उदाहरण पायाखालचं. काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडच्या भेगांत हात जातो. या भेगा वेड्यावाकड्या दिसतात, पण दोन भेगा मिळतात ती जागा वाकून बघा. एक भेग सरळ पुढे गेलेली असते आणि दुसरी तिला येऊन काटकोनात थांबलेली असते. सरळ गेलेली आधीची, थांबलेली नंतरची. पहिली भेग पडली की तिच्या आडवा ताण तिथं मोकळा होतो. उरतो तो तिला समांतर ताण. म्हणून नवी भेग तिच्याजवळ येताना वळते आणि काटकोनात धडकते. एवढं कळलं की कोणती भेग आधीची आणि कोणती नंतरची, हा क्रम शेतात उभ्या उभ्या लावता येतो. मी पाहुण्यांच्या पोरांना हेच करायला लावतो, तास दीड तास शांतता मिळते.

मजा पुढे आहे. तोच चिखल न हलवता पुन्हा पुन्हा भिजवला आणि वाळवला, तर भेगा जुन्याच ठिकाणी उघडतात, पण सांधे हळूहळू सरकतात. काटकोन जाऊन तीन भेगा १२० अंशांनी मिळायला लागतात आणि चौकोनी ढेपांच्या जागी षटकोनी दिसू लागतात. प्रयोगशाळेत हे करून पाहिलेलं आहे. वखर फिरणाऱ्या शेतात ते दिसणं कठीण, कारण जुन्या भेगा दरवर्षी मोडल्या जातात. तळ्याच्या न हललेल्या गाळात शोधा.

आणि दगडातही शोधा. लाव्हा निवताना आकसतो, वरून पडलेली भेग थंडी आत शिरेल तशी टप्प्याटप्प्याने आत जाते, आणि प्रत्येक टप्प्याला सांधा थोडा सुधारतो. आत पोचेपर्यंत दगडाचे पाच-सहा बाजूंचे खांब झालेले असतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्यातलीच. आपल्या धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. भेगांतून वर चढता चढता लाव्हा तिथंच गोठला. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, आणि इथं थंडी दोन्ही बाजूंच्या उभ्या खडकांतून आत आली, म्हणून काही ठिकाणी हे खांब उभे नसून आडवे आहेत, सरपण रचल्यासारखे. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तिथं हे चांगलं दिसतं. खडीच्या खाणीतही दिसतं, पण तिथं मालकाला विचारूनच आत जा आणि सुरुंगाची वेळ आधी विचारा.