वायपरखालचं पत्रक आणि माझं पहिलं मत

प्रश्न: ताई, आम्ही मूळचे वसईचे, आता न्यू जर्सीत. नुकतीच सिटिझनशिप मिळाली, पहिल्यांदाच मत देणार. परवा रविवारी मिस्सा आटपून पार्किंगमध्ये आले तर वायपरखाली पत्रक खोचलेलं, पाच मुद्दे, दोन उमेदवारांपुढे टिक आणि फुल्या, वर ठळक अक्षरात की खरा कॅथलिक यालाच मत देईल. मिस्टर म्हणतात गर्भपाताचा मुद्दा बघ, बाकी सोड. मला तर मायग्रंट लोकांना धरून नेतात ते बघवत नाही. फादरना विचारलं तर हसले नि म्हणाले प्रार्थना कर. मग द्यायचं कुणाला?

उत्तर: फादर काय करणार हो, नाव घ्यायची सोयच नाही त्यांना. तिकडे टॅक्समाफी असलेल्या चर्चने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही हा कायदा १९५४ चा, आणि २०२५ मध्ये टॅक्सखात्यानेच कोर्टात जरा सैल भूमिका घेतली तरी बिशप लोकांनी लगेच सांगितलं की आम्ही कुणालाच पाठिंबा देत नाही. म्हणजे ते पत्रक चर्चचं असेल असं धरून चालू नका, खाली बारीक अक्षरात कुणी छापलंय ते आधी बघा.

आता घरातलं भांडण. अमेरिकन बिशपांचं मतदारांसाठी एक मार्गदर्शक पत्रक आहे, २००७ पासूनचं, ते मूळातून वाचा. त्यात गर्भपाताला सगळ्यात वरचं स्थान दिलंय, इथे मिस्टर बरोबर. पण त्यातच असंही आहे की कॅथलिक माणूस एकाच मुद्द्यावर मत देणारा नसतो, आणि स्थलांतरित, गरिबी, देहदंड हे सगळं त्यात येतं, म्हणजे तुम्हीही बरोबर. २००४ मध्ये कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट, यांनी लिहिलं होतं की उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे *म्हणून* मत देणं चूक, पण ते न पटता दुसऱ्या तितक्याच वजनदार कारणासाठी देणं वेगळं. तितक्याच वजनदार, हे विसरू नका, नाहीतर आपण सोयीचं कारण शोधून काढतो, मीपण काढते. पोप फ्रान्सिस २०२४ मध्ये यावर बोलले तेव्हा दोन्हीकडच्या चुका दाखवून त्यांनीही निर्णय ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावरच सोडला. मग मी कोण नाव सांगणार?

तयारी म्हणाल तर खरी गोची वेगळीच आहे. सगळे प्रेसिडेंटच्या नावापाशी अडकतात आणि मतपत्रिकेचा खालचा अर्धा भाग कोरा सोडतात. न्यू जर्सीत गव्हर्नर आणि राज्याची असेंब्ली विषम वर्षी निवडतात, वॉशिंग्टनचं सम वर्षी, म्हणजे दरवर्षी काहीतरी असतंच, आणि गर्भपाताचे कायदे तर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून राज्यांच्याच हातात आहेत. नाव नोंदवणं मतदानाच्या २१ दिवस आधी, ते चुकवू नका. मग घरी नमुना मतपत्रिका पोस्टाने येते, ती जेवणाच्या टेबलावर पसरा आणि एकेक नाव शोधा, हा काय बोललाय, कुठल्या बिलावर कसं मत दिलंय. शाळेच्या बोर्डाचे लोकसुद्धा.

आणि मिस्टरांना वेगळी झेरॉक्स द्या, एकाच कागदावर दोघांनी पेन्सिल चालवली तर जेवण थंड होणार.