सोसायटीतल्या आजी-आजोबांसाठी वसंत ऋतूवर कोणते प्रश्न काढावेत?

तुम्ही लिहिलंय की पाडव्याच्या सुमारास सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी तासाभराची प्रश्नमंजूषा घ्यायची आहे, आणि नेटवर शोधलं की ट्यूलिप, ईस्टरची अंडी नि वितळणारा बर्फ एवढंच हाती लागतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हे काम सात वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. वय माझंही ६६, म्हणजे आजी-आजोबांत मीही आलेच.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी चक्क परीक्षा घेतली. ३० प्रश्न, गुण, वर टेबलावरची घंटा. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कोणता, या प्रश्नाला माझ्या कागदावर उत्तर होतं बलिप्रतिपदा. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, अक्षय्य तृतीया. दोन्ही मतं घरोघरी सांगितली जातात, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि मी त्यांचा गुण कापला. गुरुजी पुढचे दोन गुरुवार फिरकलेच नाहीत. तेव्हापासून गुण बंद, घंटा बंद, आणि प्रश्न जास्तीत जास्त बारा. बाराही पुरे होत नाहीत, कारण एकेका प्रश्नावर दहा मिनिटं गप्पा चालतात. त्या चालू द्यायच्या. ज्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपतं आणि पुढे कोणी काही बोलत नाही, तो मी पुढच्या वर्षी वगळते.

सुरुवातीला सगळ्यांना येतंय असं वाटणारा आणि हमखास चुकणारा प्रश्न घ्या. ‘कुहूऽ कुहूऽ’ कोण करतं? सगळे एका सुरात म्हणतील, कोकिळा. गातो तो नर, काळा कुळकुळीत कोकीळ. मादी तपकिरी, अंगावर पांढरट ठिपके, आणि तिचा आवाज नुसता किक्-किक्-किक्. घरटं दोघंही बांधत नाहीत, अंडी कावळ्याच्या घरात. हे सांगितल्यावर आमच्याकडचे एक आजोबा चिडून म्हणाले, “मग लताबाईंना गानकोकिळा म्हणायचं की नाही?” त्यावर अर्धा तास गेला.

दुसरा तसाच: वसंत पंचमी कोणत्या ऋतूत येते? ऐकणाऱ्याला वाटतं, हा काय प्रश्न झाला! पण वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि वसंत पंचमी माघ शुद्ध पंचमीला. म्हणजे शिशिरात. याला जोडूनच विचारा की गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण ऋतूंमध्ये स्वतःला वसंत म्हणतात, मग महिन्यांमध्ये कोणता? चैत्र नव्हे, मार्गशीर्ष. आणि चैत्राला चैत्र का म्हणायचं? त्या पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो म्हणून. वैशाखाचं विशाखा कोणीतरी आपणहून सांगतंच.

सरकारी नवं वर्ष कधी लागतं, हा माझा आवडता प्रश्न. लोक १ जानेवारी म्हणतात, कोणी १ एप्रिल. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, तो दिवस १ चैत्र शके १८७९. दरवर्षी १ चैत्र २२ मार्चलाच, फक्त लीप वर्षी २१ ला. गेल्या वर्षी हे मी सांगत होते तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एका काकांनी आकाशवाणीच्या सकाळच्या सभेतली तारखेची घोषणा म्हणून दाखवली, ‘भारतीय सौर’ पासून, निवेदकाच्या त्याच संथ आवाजात. इस्त्री करताना रोज ऐकायचे म्हणे.

आमच्यातल्या दोघांना विस्मरणाचा त्रास आहे. त्यांना तारखा, नावं विचारायचीच नाहीत. त्यांच्यासाठी अर्ध्या म्हणी ठेवायच्या. “पळसाला पाने...” म्हटलं की “तीनच!” पहिलं त्यांच्याकडूनच येतं. मग पळसावर थांबा. तो वसंताचा खरा धनी. फुलं येतात तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतं. आमच्याकडे चंद्रपूरकडच्या एक बाई आहेत; त्यांनी फुलं रात्रभर भिजवून, सकाळी उकळून धुळवडीचा केशरी रंग कसा करायचे ते सांगितलं, आणि पत्रावळी टाचताना पानाचा देठ कुठल्या बाजूला ठेवायचा ते वहीचा कागद फाडून करून दाखवलं. मी प्रश्न विचारणारी, पण मला हे माहीत नव्हतं.

ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी वासाची फेरी ठेवा. पाच वाट्या, वर रुमाल. कडुलिंबाचा फुलोरा, आंब्याचा मोहोर, ओवा, कैरीची फोड, मोगरा. डोळे मिटून ओळखायचं. ८४ वर्षांच्या एका आजी, एरवी नुसत्या बसून असतात, त्यांनी ओव्याची वाटी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “जुना आहे. गेल्या वर्षीचा.” खरंच होता. माझ्या डब्याच्या तळाचा.

काही प्रश्न असे ठेवा ज्यांना एक उत्तर नाहीच. कुरडईला गहू किती दिवस भिजवायचे? आमच्याकडे जळगावच्या वहिनी नि साताऱ्याच्या काकू यांचं अजून जमलेलं नाही. रोज पाणी बदलायचं आणि चीक शिजवताना गुठळी होऊ द्यायची नाही, एवढ्यावर एकमत. चैत्रगौरीपुढे तुमच्या घरी काय काय मांडायचे, हाही असाच. यात पुरुष मंडळी गप्प बसतील असं वाटतं, तसं होत नाही. गच्चीवर वाळवणाची राखण करणारी आणि ओल्या पापड्या चोरून खाणारी मुलं तीच होती.

कोकण-गोव्याकडची मंडळी असतील तर हापूस आणि काजू घ्या. हापूस हे नाव पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकर्कवरून आलं आणि काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. काजूची बी फळाबाहेर का, असं विचारलं की मजा येते: आपण ज्याला फळ म्हणतो तो फुगलेला देठ असतो, खरं फळ खाली लटकणारं.

बाकी थोडं किरकोळ. प्रश्न दोनदा वाचा, सावकाश. जोड्या लावाल तर नवरा-बायकोंना वेगळं बसवा, नाहीतर एकच जण बोलतो. पन्हं दोन भांड्यांत करा, एकात गोड अगदी नावाला. मधुमेहवाले निम्मे तरी असतात. आणि दिवस पाडव्याचाच हवा असं नाही, त्या दिवशी लोक घरात अडकलेले असतात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचा महिना मिळतो. त्यातली एखादी संध्याकाळ धरा, साडेपाचनंतरची, ऊन उतरल्यावर. आंब्याची डाळ तेव्हा कोणाच्या तरी घरी होणारच असते, ती सभेला मागवून घ्या.