शोषखड्डा कोणाच्या नियमात बसतो?

प्रश्न : कोल्हापूर शहराच्या हद्दीला लागून असलेल्या गावात आम्ही पाच माणसांपुरते घर बांधत आहोत. गटार योजना नसल्याने सेप्टिक टाकी करावी लागेल. ग्रामपंचायतीचा दाखला पुरे, असे गवंडी म्हणतो. इंजिनिअर महापालिकेचे नियम सांगतात. मेव्हण्यांचे म्हणणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी. आखलेली टाकी शेजाऱ्यांच्या विहिरीपासून साठ फुटांवर आहे आणि शोषखड्डा (टाकीतले पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) विहिरीच्याच बाजूला आणखी पंधरा फूट पुढे येतो. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : प्रथम सातबारा आणि गट नंबर घेऊन आपली जमीन कोणाच्या अखत्यारीत येते, ते लेखी विचारून घ्यावे. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ साली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आहे. आपले गाव त्यात असेल, तर बांधकाम परवानगी तेथूनच घ्यावी लागेल. केवळ ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नये. (हद्दवाढीची चर्चा कोल्हापुरात जुनीच आहे, तिच्या भरवशावर काही ठरवू नये.) अर्ज कोठेही करावा लागला, तरी नियमावली मात्र बहुधा तीच, म्हणजे २०२० ची राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. त्यामुळे इंजिनिअर कार्यालयाबाबत चुकले असले, तरी नियमांबाबत फारसे चुकलेले नाहीत.

मंडळाची संमती एका कुटुंबाच्या घराला लागत नाही. तो प्रश्न २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकाम प्रकल्पांना, तसेच हॉटेलसारख्या व्यवसायांना येतो. तथापि १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम २४ सर्वांनाच लागू आहे : जाणूनबुजून ओढ्यात किंवा विहिरीत घाण पाणी सोडता येत नाही. टाकीचे पाणी ओढ्याला काढून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

आता मापे. आपली खरी अडचण येथेच आहे. टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि क्षमता किमान १ घनमीटर हवी. पाणी जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ५९ फूट दूर हवी. आपण साठ फूट मोजले ते टाकीपासून. शोषखड्डा मात्र पंचेचाळीस फुटांवर, म्हणजे १४ मीटरच्याही आत येतो. तो घराच्या दुसऱ्या बाजूला न्यावा लागेल आणि तेथेही घरापासून ६ मीटर अंतर राखावे लागेल. खोदण्याआधी तेथे लहान खड्डा घेऊन तो रात्रभर पाण्याने भिजवावा आणि नंतर पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो, ते पाहावे. तासापेक्षा जास्त वेळ लागला, जसे काळ्या चिकण मातीत घडू शकते, तर शोषखड्डा तेथे चालणार नाही.

टाकीची जागा ठरवताना मैला उपसणाऱ्या गाडीची नळी झाकणापर्यंत पोहोचेल, हेही पाहावे; २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे.