‘इम्प्रिकेशन’ म्हणजे शिवी का?

एका जुन्या इंग्रजी कादंबरीतला म्हातारा ‘इम्प्रिकेशन्स’ पुटपुटत निघून जातो, तर त्याला मराठीत ‘शिव्या’ म्हणावं का, असा प्रश्न आला आहे. काटेकोर बोलायचं तर नाही. समोरच्याला गाढव म्हटलं की शिवी झाली. ‘तुझं वाटोळं होवो’ हे मात्र इम्प्रिकेशन.

शब्द लॅटिन आहे. ‘प्रेकारी’ म्हणजे विनवणं, प्रार्थना करणं. त्याला ‘इन’ जोडलं की कुणावर तरी अरिष्ट यावं म्हणून केलेली प्रार्थना. इंग्रजीतला ‘प्रेअर’ त्याच घरातला, आणि ‘प्रिकेरिअस’सुद्धा: विनवण्या करून मिळवलेलं, म्हणजेच दुसऱ्याच्या मर्जीवर टिकलेलं, म्हणून डळमळीत. मुळाशी आणखी खाली गेलं तर आपली ‘पृच्छा’ आणि ‘प्रश्न’ही तिथेच भेटतात. देवाकडे मागणं आणि माणसाला विचारणं एकाच धातूतून निघालं.

शाप ही प्रार्थनाच, हे पाहायचं तर इंग्लंडमधल्या बाथ गावी जावं. रोमन काळात लोक तिथल्या गरम झऱ्यात शिशाच्या पातळ पत्र्यांवर तक्रारी कोरून टाकत. असे सुमारे 130 पत्रे सापडलेत, आणि बहुतेक तक्रारी चोरीच्या. डोसिलिआनस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा चोरीला गेला. त्याने सुलिस देवीला लिहिलं, की चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळही होऊ देऊ नकोस. एका झग्यापायी निर्वंश! पण भाषा पाहा, अगदी रीतसर अर्जाची. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या 109व्या स्तोत्रातही वैऱ्याची मुलं अनाथ होवोत, बायको विधवा होवो, असं देवाकडेच मागणं आहे. अशा स्तोत्रांना इंग्रजीत ‘इम्प्रिकेटरी साम्स’ म्हणतात.

मराठीत हे नातं क्रियापदातच दिसतं. ‘कल्याण होवो’ आणि ‘वाटोळं होवो’, दोन्हीकडे ‘होवो’ तेच. करणारा कोण, ते अध्याहृत.

तरी पुढे इंग्रजी लेखकांनी हा शब्द सैल केला. थेट शिवी छापायची नसली की ‘इम्प्रिकेशन’ लिहून मोकळं व्हायचं. तुमचा म्हातारा बहुधा त्यातलाच असावा. त्याच्यासाठी ‘शिव्याशाप पुटपुटत’ चालून जाईल, कारण त्यात दोन्ही आलं. मजकुरात देवाचं नाव घेऊन कुणाचं वाईट चिंतलेलं असेल, तर मात्र सरळ ‘शाप’ लिहा. ‘तळतळाट’ तिथे बसणार नाही. तो न बोलताही लागतो, आणि इम्प्रिकेशनला शब्द लागतात.