मुलांना इंटरनेटवरची माहिती पारखायला कसं शिकवावं?

तुम्ही कराडजवळच्या शाळेत नववी-दहावीला शिकवता, मुलं प्रकल्पासाठी गुगलवर पहिलं दिसेल ते उतरवून आणतात आणि त्यांना देण्यासाठी 'विश्वासार्ह वेबसाइट्सची यादी' तुम्हाला हवी आहे, असं तुम्ही लिहिलंय. मॅडम, यादी देऊ नका. यादीत नसलेलं पान समोर आलं की मुलं पुन्हा तिथेच अडकतात, आणि रोज त्यांच्यासमोर येतं ते यादीबाहेरचंच.

साइट नीटनेटकी आहे का, शुद्धलेखन बरं आहे का, 'आमच्याविषयी' पान आहे का, असं विचारायला लावणारे तक्तेही फार कामाचे नाहीत. देखणं पान कोणीही बनवू शकतं, 'आमच्याविषयी' तर मालकानेच लिहिलेलं असतं, आणि डॉट ओआरजी हा पत्ता पैसे भरून कोणालाही मिळतो. (डॉट गव्ह डॉट इन सरकारी यंत्रणांसाठी आणि डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांसाठी राखीव असतं, एवढं मात्र जरूर सांगा.) स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थ्यांना अनोळखी साइट्स पारखायला दिल्या होत्या. 2017 साली त्याचे निष्कर्ष आले. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वर-खाली करत राहिले आणि बरेचजण फसले. तपासनीस काही सेकंदांत पान सोडून नवीन टॅब उघडत आणि त्या साइटबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधत. मुलांच्या अंगवळणी पाडायची ती हीच सवय: आधी पानातून बाहेर पडायचं, वाचायचं नंतर.

सरावाला आपल्याच भागातला विषय घ्या. सातारा जिल्ह्यातल्या मुलांसाठी कोयनेच्या भूकंपाइतका चांगला विषय नाही. चार-चार जणांचे गट करा, गटाला एक मोबाइल पुरतो. तीन प्रश्न द्या: भूकंप कधी झाला, किती तीव्रतेचा होता, किती माणसं गेली? शोध मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे घ्यायला लावा. उत्तरं आली तशी फळ्यावर लिहा, दुरुस्त करू नका.

मराठी पानांवर 11 डिसेंबर 1967 मिळेल. एखादा गट आंतरराष्ट्रीय भूकंप-नोंदींपर्यंत पोचला तर तिथे 10 डिसेंबर दिसेल. मुलं लगेच म्हणतील, एक चूक आहे. उत्तर सांगू नका, वेळ शोधायला लावा. आपल्याकडे पहाटेचे 4:21, त्या नोंदीत 22:51. ती जागतिक वेळ आहे, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. दोन्ही तारखा बरोबर! हे मुलांनी स्वतः शोधलं की दोन स्रोत जुळले नाहीत म्हणजे एक खोटाच, ही समजूत कायमची जाते. तीव्रता 6.3 ते 6.6 अशी वेगवेगळी दिसेल, कारण ती मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत. मृतांचा आकडा कुठे 177, कुठे 180, कुठे 'सुमारे 200'. इथे एकच विचारा: हा आकडा पहिल्यांदा कोणी दिला, हे पानावर लिहिलंय का?

मग चौथा प्रश्न टाका: भूकंप धरणामुळे झाला का? याबद्दल बोलायचा अधिकार कोणाचा, हे मुलांनाच ठरवू द्या. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था कोयनेच्या भूकंपांचा अनेक वर्षं अभ्यास करतेय. तुमच्या शेजारी हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, कोयना परिसरात 3 किलोमीटर खोल छिद्र घेऊन भूगर्भ तपासण्याचं काम तिच्याकडे आहे. भूकंपाच्या कारणाबाबत त्यांचं म्हणणं आणि एखाद्या यूट्यूब चॅनेलचं म्हणणं एका पारड्यात बसत नाही. पण मृतांच्या आकड्यासाठी तीच प्रयोगशाळा मुख्य स्रोत नाही, त्यासाठी महसूल खात्याच्या नोंदी लागतील. विश्वास कोणावर ठेवायचा, हे प्रश्नागणिक बदलतं. इथे घाई करू नका, पूर्ण तासिका गेली तरी चालेल.

व्हिडिओसाठी पुराचा विषय घ्या. 2019 च्या महापुरातला सांगलीच्या आयर्विन पुलाचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून आला, असं समजून तपासायला सांगा. जिथे पाटी, दुकान किंवा पूल स्पष्ट दिसतो तिथे थांबवून तीन स्क्रीनशॉट घ्यायचे, गुगल लेन्समध्ये टाकायचे आणि सर्वांत जुनी तारीख शोधायची. एकाच चित्रावर थांबलं तर बरेचदा काहीच सापडत नाही. मग आजची पाणीपातळी बघायची: आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. ज्या मेसेजमध्ये तारीखही नाही आणि फूटही नाहीत, तो पुढे पाठवायचा नाही.

'पाच साइट्सवर आहे, म्हणजे खरं' ही चूक हुशार मुलंही करतात. त्यातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायला लावा. शब्दन् शब्द तोच निघाला तर ते पाच स्रोत नव्हेत, एकाच मजकुराच्या पाच नकला आहेत.

एक धोका आहे. फक्त खोट्या गोष्टी तपासायला दिल्या तर महिन्याभरात मुलं 'सगळंच फेक असतं' म्हणायला लागतात, आणि हे भोळेपणापेक्षा वाईट. सहा दावे दिले तर किमान तीन खरे ठेवा, त्यातला एखादा ऐकायला अशक्य वाटणारा असू द्या.

गुण देताना दहापैकी तीन उत्तराला, सात वाटेला द्या: दावा काय, कोणी केला, आणखी कुठे तपासला, खात्री किती. गुगलच्या वर येणारा एआयचा सारांश 'स्रोत' म्हणून लिहिला तर त्या ओळीला शून्य. त्याखालच्या दुव्यावर जाऊन, तिथे खरंच तसं लिहिलंय का ते बघून, मग त्या पानाचं नाव लिहायला सांगा.