सासूबाईंच्या कपबश्या आणि सुटणारी जास्वंद

प्रश्न : सासूबाईंच्या सहा पांढऱ्या कपबश्या माळ्यावर पडून होत्या. दुपारी बसून त्यांवर अॅक्रिलिकने जास्वंद रंगवली. दोनदा धुतल्या आणि पापुद्रे सुटले. घरच्या ओव्हनमध्ये भाजल्या तर रंग पक्का होईल का? घरचे म्हणतात, रिकामा उद्योग आहे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, ओव्हनने काम होणार नाही. कपावरची झिलई म्हणजे काचच. अॅक्रिलिक तिच्यात मुरत नाही, नुसतं वर बसतं. चिनी मातीचे खरे रंग म्हणजे धातूंच्या ऑक्साइडची आणि लवकर वितळणाऱ्या काचेची पूड. ती तेलात घोटून लावायची आणि साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजायची. तेव्हा झिलई मऊ पडते आणि रंग तिला कायमचा धरतो. घरचा ओव्हन २५०च्या आसपास थांबतो.

उरलेला रंग कोमट पाण्यात भिजवून नखाने काढा. तारेची घासणी नको, सोनेरी काठ असेल तर मुळीच नको. आणि त्या कपबश्या भट्टीतही घालू नका, हे मी कळवळून सांगते. मी माझ्या आजीची बशी घातली होती. बारीक तड्यांत वर्षानुवर्षांचा चहा मुरलेला. बाहेर आली ती काळ्या ठिपक्यांनी भरून, आणि ते ठिपके आजही आहेत.

हात बसवायला साधी पांढरी टाइल घ्या. आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या हवेत रंग पातळ करायचं टर्पेन्टाइन कुंचल्यावरच सुकतं, म्हणून मी रंग घोटताना लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालते. तुमची जास्वंद गुलाबी असेल तर जपा. तो गुलाबी सोन्यापासून बनतो. कमी भाजला तर विटकरी दिसतो, जास्त भाजला तर जांभळट. एका भट्टीत फूल पुरं होत नाही, छटा चढवत तीन-चार वेळा भाजावं लागतं. भट्टी विकत घ्यायची घाई नको. मातीकाम शिकवणाऱ्यांकडे विजेची असते, तिथे विचारा. पुढे कप रंगवाल तेव्हा ओठ लागतो ती कड आणि आतली बाजू कोरी ठेवा, काही रंगांत शिसं असतं.

रिकामा उद्योग? अमेरिकेत सिनसिनाटीच्या मारिया लाँगवर्थ निकल्स अशाच हौसेने चिनी माती रंगवायला लागल्या आणि १८८० मध्ये त्यांनी रुकवुड पॉटरी हा कारखाना काढला. घरच्यांना एवढं सांगा आणि दुपारची ती वेळ सोडू नका. पहिली टाइल भाजून आली की मागे तारीख घाला.