धरणाच्या पायथ्याचं पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावाच्या वर चाळीसेक वर्षांचा मातीचा तलाव आहे. तलाव भरत आला की भरावाच्या खालच्या अंगाला जमीन ओली होते. यंदा एका जागी पाणी बुडबुडत वर येतंय. चौकीदार म्हणतात, "मातीचं धरण आहे, पाझरणारच." काळजी करावी का? (एक वाचक, भुदरगड तालुका)

उत्तर : मातीचं धरण पाझरतं, हे चौकीदारांचं म्हणणं खरं आहे. भरावाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. त्यातून मुरून आलेलं पाणी मागचा वाळूचा फिल्टर धरतो आणि पायथ्याशी रचलेल्या दगडांमधून (रॉक टो) चरात सोडतो. चरात वाहणारं असं स्वच्छ पाणी म्हणजे धरण ठरल्याप्रमाणे काम करतंय.

पण बुडबुडणारी जागा वेगळी. तिच्याभोवती वाळूचं किंवा बारीक मातीचं कडं साचलंय का, ते आधी बघा. साचत असेल तर पाणी पायातली किंवा भरावातली माती घेऊन बाहेर पडतंय. अशी पोकळी खालच्या बाजूने सुरू होऊन तलावाकडे मागे सरकत जाते. ती जसजशी लांबते तसतसा पाण्याचा उरलेला मार्ग आखूड होतो आणि वेग वाढतो. म्हणून आठवडेच्या आठवडे किरकोळ वाटलेली गळती शेवटच्या काही तासांत हाताबाहेर जाते.

तपासणी सोपी आहे. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून तासभर हलवू नका. तळाशी गाळ बसला तर त्याच दिवशी कळवा. पाणी नितळ असेल तर मोजमाप सुरू करा. चरात ९० अंशांची व्ही-नॉच (गळती मोजायची, इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली पाटी) बसवलेली असेल तर खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची घ्या, पण पट्टी खाचेत न धरता थोडी वरच्या बाजूला, संथ पाण्यात धरा. उंची ५ सेंटिमीटर असेल तर गळती सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास असते. तीच १० सेंटिमीटर झाली तर साडेचार लिटरच्या जवळ जाते. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं, त्यामुळे "थोडंसंच वाढलंय" या शब्दांवर विसंबू नका. प्रत्येक नोंदीशेजारी तलावाची त्या दिवशीची पातळी लिहा आणि शक्यतो दोन दिवसांच्या उघडिपीनंतर मोजा, नाहीतर पावसाचं पाणी त्यात मिसळतं. तलावाची पातळी तीच असताना गळती वाढली, तर ती खरी वाढ.

तीन जागा विशेष वाईट : पायथ्याच्या बरीच वर, उतारावरच दिसणारी ओल; विमोचकाच्या (तलावातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या) भिंतीलगतची गळती; आणि माथ्यावर धरणाला आडवी, म्हणजे तलावाकडून गावाकडे जाणारी भेग. पाइप किंवा दगडी बांधकामाला चिकटून मातीची दबाई नीट होत नाही, पाणी नेमकी तीच वाट धरतं.

गावकरी कळकळीने एक चूक करतात : झरा मातीने किंवा प्लास्टिकने बुजवतात. पाणी तिथे अडलं की दाब वाढून शेजारी फुटतं. अभियंते येईपर्यंत झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचावं, आत आधी जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असे थर द्यावेत. माती अडली पाहिजे, पाणी मात्र वाहू द्यायचं. भरावाचाच उतार खचत असेल तर मात्र हेही करू नका, तिथून लांब व्हा.

प्रश्न : आमच्या वरच्या धरणाचं नाव अतिधोक्याच्या वर्गात आहे असं वाचलं. ते फुटायला आलंय का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. तो वर्ग धरणाची तब्येत सांगत नाही. धरण फुटलंच तर खाली किती माणसं, घरं, रस्ते, पिकं सापडतील, एवढंच त्यातून कळतं. नवंकोरं, उत्तम धरणही शहराच्या डोक्यावर असेल तर वरच्याच वर्गात जाणार. आणि खाली वस्ती वाढली की धरणाला हातही न लावता वर्ग बदलतो. नदीपात्रात घरं उभी राहतात तेव्हा नेमकं हेच होतं.

धरणाची स्थिती तपासणी अहवालात असते. तिथे त्रुटींच्या तीन श्रेणी करतात : पहिलीत धरण फुटण्याची शक्यता निर्माण करणाऱ्या, दुसरीत तातडीने दुरुस्ती लागणाऱ्या मोठ्या, तिसरीत वर्षभरात उरकता येणाऱ्या किरकोळ. तुम्ही विचारायचं ते हे : आमचं धरण कोणत्या श्रेणीत आहे, आणि मागच्या अहवालातली कामं झाली का?

प्रश्न : शंभर वर्षांची दगडी धरणं आता पाडावीत का?

उत्तर : वयावरून निकाल देता येत नाही. पानशेत १९६१ साली पहिल्यांदा भरतानाच फुटलं. विमोचकाचं काम अपुरं होतं आणि मोरीवरचा भराव खचत गेला. २ जुलै २०१९ ला फुटलेल्या चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणाला वीस वर्षंही झालेली नव्हती. उलट १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा मजबुतीकरणानंतर आजही उभं आहे.

जुन्या दगडी धरणात चुन्याचा अंश पाण्यात विरघळून जातो, भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात. त्याहून महत्त्वाचं दृश्य गॅलरीत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या तपासणीच्या बोगद्यात असतं. तलाव भरलेला, खालच्या भिंतीतून पाणी झरतंय, आणि गॅलरीतली निचऱ्याची छिद्रं मात्र कोरडी. ही चांगली खूण नव्हे. छिद्रं क्षारांनी बुजली असतील तर पायाखालचा पाण्याचा दाब वाढून धरणाला वर उचलू बघतो. छिद्रं पुन्हा मोकळी करणं हे कमी खर्चाचं काम आहे आणि तेच वर्षानुवर्षं मागे पडतं.

दुसरी बाजू सांडव्याची. जुने सांडवे त्या काळच्या पुराच्या अंदाजावर बांधलेले. गुजरातमधलं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला माथ्यावरून पाणी जाऊन फुटलं आणि मोरबी बुडालं. दरवाजेही तितकेच महत्त्वाचे : ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रेच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली, तेव्हा वाहत्या पाण्यात स्टॉप लॉग (दरवाजाच्या जागी पाणी अडवायला एकावर एक टाकायचे अडसर) बसवावे लागले. उन्हाळ्यात प्रत्येक दरवाजा उघडून-मिटून बघितला का आणि वीज गेल्यावर जनरेटर चालतो का, हे पावसाळ्याआधी विचारा.

प्रश्न : भरावावर झाडं लावली तर माती धरून राहील ना?

उत्तर : गवत हवं, झाडं नकोत. बाभूळ, सुबाभूळ मेली की मुळं कुजतात आणि पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. घाणेरीच्या जाळीत उंदीर-घुशींची बिळं लपतात, तपासणीला गेलेल्याला ओल दिसतच नाही. मोठं झाड मात्र तलाव भरलेला असताना मुळासकट उपटू नका.

प्रश्न : तक्रार कुठे करायची?

उत्तर : आधी मालक शोधा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणंही त्यात येतात, पण ठरावीक अटींत, उदाहरणार्थ लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असेल तर. अशा धरणांची पावसाळ्याआधी व नंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा मालकावर बंधनकारक आहे. अर्जात "गळती आहे" एवढंच लिहू नका. जागा (उजव्या तीरापासून किती मीटर), तारीख, तलावाची पातळी, पाणी गढूळ की नितळ, आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो द्या. प्रत तहसीलदारांना द्या, पोच घ्या. पाणी गढूळ असेल तर अर्ज लिहीत बसू नका : आधी उपविभागीय अभियंत्यांना आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन, आणि त्याच वेळी ओढ्याकाठची घरं रिकामी करायला सुरुवात.